खाडा

आमच्या आबांची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाणी उधारी लिहायला वापरतात तसली. आबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आधी काही वर्षं बदली, मग कायम. वहीत पगाराचे आकडे आहेत, गावी धाडलेल्या मनीऑर्डरी आहेत, खानावळीचं देणं आहे. पण मी पुन्हा पुन्हा उघडून बघतो ती दर महिन्याच्या पानाच्या तळाशी काढलेली फुल्यांची ओळ. एक फुली म्हणजे एक खाडा. फुलीखाली मुंगीएवढ्या अक्षरात कारण: ‘लावणी’, ‘शिमगा’, ‘ताप’, ‘पाहुणे’. काही फुल्यांखाली मात्र काहीच नाही.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, “आबा, इथे का नाही लिहिलं काही?” ते म्हणाले, “नाय गेलो. बस.”

त्या रिकाम्या फुल्यांपासून हे पुस्तक सुरू झालं. पोटाला चिमटा घेऊन पैसे गावी पाठवणारा माणूस अंगात ताप नसताना, गावी सण नसताना, एका दिवसाच्या मजुरीवर पाणी कसं सोडतो? आणि तोच माणूस पुढे अकरा महिने एकही फुली पडू देत नाही, गणपतीलासुद्धा जात नाही, ते का?

मराठीत काम न करण्याला शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येक शब्द कोण बोलतंय ते सांगून जातो. साहेब रजेवर असतात, कामगाराचा खाडा पडतो. सुट्टी आपोआप येते, रजा मागावी लागते, दांडी मारावी लागते. सवड काढता येते, उसंत मात्र बहुधा नकारातच भेटते: ‘उसंत नाही’ असं आपण रोज म्हणतो, ‘मला भरपूर उसंत आहे’ असं म्हणणारा माणूस मी अजून ऐकलेला नाही. आणि ज्याच्याकडे वेळच वेळ आहे, पण पैसा नाही, त्याला तर थेट रिकामटेकडा. पैसा असेल तर तोच माणूस निवांत असतो.

आता थोडं अर्थशास्त्र. ते टाळून पुढे जाता येत नाही, आणि ते फार अवघडही नाही. समजा, एखाद्याची हजेरी ५०० रुपयांची ७०० झाली. तो आता जास्त दिवस कामावर जाईल की कमी? एक मन म्हणतं, जास्त जाईल, कारण घरी बसण्याची किंमत वाढली. काल एक खाडा ५०० ला पडत होता, आज ७०० ला पडतो. याला पाठ्यपुस्तकात पर्यायता परिणाम म्हणतात. दुसरं मन म्हणतं, महिन्याला १०,००० रुपयांत ज्याचं भागत होतं त्याला पूर्वी २० दिवस भरावे लागत, आता १५ दिवसांत काम होतं आणि वर ५०० उरतात. मग बाकीचे दिवस तो गावी का जाणार नाही? हा उत्पन्न परिणाम. दोन्ही ओढी एकाच माणसाच्या मनात, एकाच वेळी, उलट दिशांना चालतात. कुठली जिंकेल हे नुसत्या तर्काने सांगता येत नाही, असं लायनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३० मध्येच एका छोट्या लेखात दाखवून दिलं. माणसागणिक, घरागणिक, वयागणिक उत्तर बदलतं. मोजूनच बघावं लागतं.

गिरणीमालकांना मात्र मोजायची गरज कधी वाटली नाही. मजुरी वाढवली की हे लोक तेवढे दिवस कमी येतात, ही समजूत वसाहतकाळात मालकवर्गात आणि सरकारी कागदांत सहज भेटते. ती फक्त हिंदुस्थानापुरतीही नव्हती. अठराव्या शतकात इंग्लंडमधले शहाणेसुरते लोक आपल्याच मजुरांबद्दल हेच बोलत होते, गरिबाला गरीब ठेवला तरच तो हात चालवेल असं छापून आणत होते. उत्पन्न परिणामाची ही अर्धी गोष्ट. मालकाने आपल्या मुलाला तीनदा विलायतेला हवापालटाला पाठवलं तर तोही उत्पन्न परिणामच, हे मात्र कुणी छापलं नाही.

वहीकडे परत येतो. आबा बदली होते तोवर तळाशी फुल्या नाहीत, टिंबं आहेत. बदलीवाल्याला खाडा नसतोच. दुसऱ्याच्या खाड्यावर त्याची हजेरी भरते. भोंग्याच्या आधी फाटकाशी उभं राहायचं, आत कोण आलं नाही ते कळेपर्यंत थांबायचं, नंबर लागला तर टिंब, नाही तर परत खोलीवर. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ पासून बदलीची रीतसर नोंद ठेवायची योजना आली, त्याआधी सगळं माणसं भरणाऱ्या जॉबरच्या मर्जीवर होतं. बदलीच्या दिवसांत आबांच्या हाती वेळ पुष्कळ होता. त्याला विश्रांती म्हणायचं का? पुस्तकी आकृतीत एका अक्षावर काम आणि दुसऱ्यावर आराम असतो; फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाचा तास कुठल्या अक्षावर मांडायचा, ते त्या आकृतीत नाही.

कायम झाल्यावर टिंबांच्या फुल्या झाल्या. महिन्याला दोन, कधी चार. संगमेश्वर तालुक्यात आमची पावणेदोन एकर भातखाचरं होती. जूनच्या शेवटी लावणी, पुढे गणपती, मग कापणी, मार्चात शिमगा. नोकरशाहीच्या भाषेत ही ‘गैरहजेरी’. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने हिंदी कामगारांची पाहणी केली, तेव्हा त्यांना दिसलं की हा माणूस शहराच्या ओढीने आलेला नाही, गावातल्या तंगीने ढकलला गेलाय, आणि त्याची मुळं गावातच आहेत. पुढे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी हे चित्र उलटं धरून पाहायला शिकवलं: गावाशी असलेलं नातं हे मागासलेपण नव्हतं, तो कामगाराचा आधार होता. पगार तुटपुंजा, नोकरी बेभरवशाची. तेव्हा म्हातारपण, आजारपण, बेकारी यांचा विमा म्हणजे ती खाचरं. त्या विम्याचा हप्ता आबा जूनच्या फुल्यांनी भरत होते.

मग मोठ्या आत्याचं लग्न ठरलं. वहीत सावकाराचं नाव येतं, व्याज येतं, आणि फुल्या एकदम थांबतात. ते अकरा महिने हेच. पगार तोच, गिरणी तीच, माणूस तोच. फक्त डोक्यावर कर्ज आलं. मजुरीचा दर काय आहे यापेक्षा गाठीला काय आहे, किंवा गाठीला किती उणे आहे, याने माणसाची उसंत ठरते. हे पुस्तक लिहिताना मी वाचलेल्या जाडजूड निबंधांपैकी निम्मे हेच सांगतात. वहीतल्या त्या कोऱ्या ओळींनी ते आधीच सांगितलं होतं. कर्ज फिटलं, काका कामाला लागले, घरात दुसरा पगार आला, आणि फुल्या परत आल्या. कारण न लिहिलेल्या फुल्या सगळ्यांत जास्त या वर्षांतल्या आहेत.

‘कामगाराला निवड होती’ असं मी वर सुचवलं, त्याला एक मोठी पुरवणी जोडायला हवी. एकेकट्या माणसाला तासागणिक निवड बहुधा नसते. श्रम किरकोळीत विकले जात नाहीत, ठोक विकले जातात: सगळी पाळी घे, नाही तर चालू लाग. १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती आणि कुणा एकाने जास्त पैसे टाकून ती विकत घेतो म्हटलं असतं तरी मिळाली नसती. ती मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे लागले. ‘दीनबंधू’चे संपादक, महात्मा फुल्यांचे सहकारी. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. पगारवाढ या यादीत नाही. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा भरली, त्यात दोन बायकांनीही भाषणं केली, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला, असं आजही आवर्जून सांगितलं जातं. आपण रविवारी सकाळी दुसरा चहा घेतो त्यात इंग्रजांच्या चर्चचा वाटा किती आणि जेजुरीचा किती, हा वाद मी इथे काढत नाही.

पुढची वाट कायद्यांची. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला अर्थ उरला नाही. काही गिरण्या १४-१५ तास चालू लागल्या. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांचे तास १२ वर आणले, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १०, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला ९ व आठवड्याला ४८. त्याच कायद्यात जादा तासाला दुप्पट दर होता आणि एक बारीक कलम होतं, ज्याने आबांची वही बदलली: वर्षात २४० दिवस भरले तर दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. म्हणजे खाडे फार केले नाहीत तरच रजा. वहीत काही वर्षांनी फुल्यांशेजारी छोटे गोल दिसायला लागतात. गोल म्हणजे पगारी.

खाडा हा शब्द गिरण्यांबरोबर गेला असता तर बरं झालं असतं. तो आज ऊसतोडीत आहे आणि तिथे त्याचा अर्थ जास्त कडवट आहे. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडून दिवाळीच्या आसपास निघणाऱ्या टोळ्यांना मुकादम आधीच उचल देतो. उचल घेते ती जोडी, नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम संपेपर्यंत ती फेडायची, टनावर. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहनात भरायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली तर तेव्हा उठायचं. त्यात एका दिवसाचा खाडा पडला तर मजुरी बुडते एवढ्यावर भागत नाही, वर दंड लागतो. इथे विश्रांतीची किंमत मजुरीएवढी नाही, मजुरी अधिक दंड अशी आहे; आणि पदरात जमा काही नाही, उणेच आहे. दोन्ही ओढी एकाच दिशेला. अशा वेळी बाईच्या पाळीचे दिवससुद्धा हिशेबात येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सगळ्याच शस्त्रक्रियांचं कारण खाडा नाही. अज्ञान आहे, दुखणं अंगावर काढणं आहे, पैशापायी सल्ला देणारे डॉक्टरही आहेत. पण फडावरच्या बायकांशी बोलताना दंडाचा विषय निघाला नाही असं एकदाही झालं नाही. या पुस्तकातलं सगळ्यांत लांब प्रकरण त्यांच्यावर आहे, आणि ते मला सगळ्यांत कमी जमलंय.

बायकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. काम आणि आराम असे वेळेचे दोनच कप्पे पुरुषांनीच पाडले असणार. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जाताना दिसली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. घरात पैसा आला की बाईने मजुरीला जाणं थांबवायचं, ही आपल्याकडे प्रतिष्ठेची खूण आहे. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस झाला, आणि शेतकरी म्हणू लागला, ‘आमच्यातल्या बायका दुसऱ्याच्या बांधाला जात नाहीत.’ कागदावर त्या कामगार राहिल्या नाहीत. प्रत्यक्षात म्हशी दोनाच्या चार झाल्या, गडीमाणसांच्या भाकरी वाढल्या. संपत्तीने विकत घेतलेली ही उसंत बाईच्या वाट्याला आलीच नाही, ती नवऱ्याच्या मिशीला लागली. देश श्रीमंत होताना बायका आधी कामावरून मागे येतात आणि शिक्षण व कचेऱ्यांतल्या नोकऱ्या वाढल्यावर परत येतात, हा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख क्लॉडिया गोल्डिन यांनी मांडला. त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

फुकट मिळालेल्या पैशाने माणूस आळशी होतो का, या प्रश्नावर चावडीपासून चॅनेलपर्यंत सगळ्यांकडे उत्तर तयार असतं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला; तेव्हापासून बागायतदार म्हणतायत, ‘हमीमुळे माणसं मिळत नाहीत.’ आता जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिना १५०० रुपये सुरू झाले, तर म्हणे कापूस वेचायला बायका येत नाहीत. दिवसाचे ५० रुपये होतात हो ते! पन्नास रुपयांसाठी दिवसाच्या वेचणीचे पैसे कोण सोडेल? एखादी येत नसेल, तर ती बहुधा त्या दरात येत नाही, आणि महिन्याच्या वाण्याचं बिल आधीच निघालंय म्हणून पहिल्यांदाच तसं म्हणायची तिची हिंमत झालीय. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या अशा सात योजना तपासल्या, त्यांत लोकांनी काम सोडल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. (बॅनर्जींच्या आई निर्मलाताई मूळच्या पाटणकर, स्त्रियांच्या श्रमावर त्यांनी स्वतः आयुष्यभर काम केलं. आपल्याकडे हे सांगितल्याशिवाय परिच्छेद पुरा होत नाही.)

मोठं घबाड लागलं तर? स्वीडनमध्ये लॉटरी जिंकणाऱ्यांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० क्रोनर जिंकले तर पुढे वर्षाची कमाई साधारण १ क्रोनरने कमी होते. म्हणजे संपत्तीची ओढ खरी, पण तिचा वेग बैलगाडीचा. बहुतेकांनी नोकरी सोडली नाही, थोडे तास कमी केले.

पुण्याची दुपार मी याच नजरेने बघतो. एक ते चार दुकान बंद, यावर विनोद करून करून लोक थकले. त्यात तुसडेपणा बघतात. मला त्यात खरेदी दिसते. जागा घरची, माल खपणारा, गिऱ्हाईक पिढ्यांचं. असा दुकानदार रोज तीन तासांचा नफा देऊन जेवण आणि वामकुक्षी विकत घेत होता. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा त्याची बातमी झाली, ती उगीच नाही. गोव्याचं सुशेगादपण तसंच: बाल्कांवच्या खुर्चीत बसलेल्या माणसामागे पुष्कळदा बोटीवर किंवा आखातात राबणारा कुणीतरी असतो.

अर्थतज्ज्ञ केन्सने १९३० मध्ये भाकीत केलं होतं की शंभर वर्षांत माणसं आठवड्याला १५ तास काम करतील. मुदत संपत आली. उत्पन्नाचं त्याचं गणित पुष्कळसं जुळलं, तासांचं सपशेल फसलं. उलट आज ज्यांना परवडतं तेच जास्त राबताना दिसतात. २०२३ च्या ऑक्टोबरात उद्योगपती नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, तेव्हा हिंजवडीतला माझा भाचा हसून म्हणाला, “मामा, बसचा वेळ धरला तर माझा आकडा त्याच्या पुढे आहे.” त्याचा पगार आबांच्या अख्ख्या हयातीतल्या कमाईहून मोठा आहे आणि फ्लॅटचा हप्ता त्या पगाराच्या निम्मा. मला आत्याच्या लग्नानंतरचे अकरा महिने आठवतात. त्याचे वीस वर्षांचे आहेत.

न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवर १९९७ मध्ये एक गाजलेला निबंध आला: हे लोक रोजचा एक आकडा मनाशी ठरवतात, चांगल्या दिवशी लवकर घरी जातात, वाईट दिवशी उशिरापर्यंत फिरतात. पुढे अर्थतज्ज्ञ हेन्री फार्बर यांनी तो खोडून काढायचा प्रयत्न केला; टॅक्सीवाले आकड्याने थांबत नाहीत, थकल्यावर थांबतात, असं त्यांचं म्हणणं. मी दादरला एका रिकाम्या टॅक्सीच्या बॉनेटला टेकून हा वाद चालकासमोर मांडला. मालकाचं भाडं, गॅस आणि घरचे, एवढे निघाले की तो थांबतो. आणि थकल्यावर? “थकतो तेव्हा तेवढे निघालेले असतात,” तो म्हणाला. फार्बर यांना हे कळवायला हवं.

पुढची प्रकरणं कुठूनही वाचली तरी चालतील. आकडेवारीचं प्रकरण ज्यांना कंटाळवाणं वाटेल त्यांनी ते खुशाल सोडावं. माझ्या संपादकांनीही पहिल्यांदा सोडलं होतं.

वहीबद्दल एक सांगायचं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. ज्यांना गावी जमीन होती ते गावी गेले, आणि संप इतका लांबला त्यात त्या चिमूटभर खाचरांचा वाटा होता. ज्यांना नव्हती त्यांनी नाक्यावर भाजी विकली. आबा संगमेश्वरला गेले आणि वही सोबत नेली. पगाराचा रकाना रिकामा आहे. तळाशी मात्र त्यांनी रोज एक फुली काढलीय. जानेवारीच्या १४ फुल्या, फेब्रुवारीच्या २८. मार्चात जागा पुरली नाही म्हणून ओळ वळून समासात गेलीय. जूनमध्ये एका फुलीखाली ‘लावणी’, ऑक्टोबरात ‘झोडणी’. बाकी सगळ्यांखाली काहीच नाही. डिसेंबरच्या मध्यावर फुल्या थांबतात आणि त्याच पानावर, खाली, भाताच्या मणांचा हिशेब सुरू होतो.